खांबेट्यांचा लिंबूटिंबू

अमेरिकेतल्या बॉथेलच्या मराठी मंडळात संगीत खुर्चीचं गाणं थांबवण्याचा अधिकार सलग चार वर्षं एकाच माणसाकडे होता. हे काम करणारा माणूस एरवी खुर्च्यांकडे पाठ करून बसतो. विलास खांबेटे खेळणाऱ्यांकडे तोंड करून बसत. समोर वही उघडी, एक बोट टेपच्या बटणावर. त्यांच्या हाताखाली पहिल्या तीन फेऱ्यांत एकही लहान मूल बाद झालं नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या देशमुख आजी एका वर्षी शेवटच्या चौघांत पोचल्या. याउलट, पळण्यात पटाईत असलेला एक पीएचडीचा विद्यार्थी दरवर्षी दुसऱ्याच फेरीत बाहेर पडे. एकदा तो तक्रार घेऊन टेबलापाशी आला.

"काका, हे फिक्सिंग आहे यार."

"फिक्सिंगमध्ये कोण जिंकणार ते ठरलेलं असतं," खांबेटे वहीत लिहितालिहिता म्हणाले. "इथे कोण जिंकणार ते मलाही माहीत नाही. लवकर कोणी रडायचं नाही, एवढंच ठरलंय."

"मग मीच का दरवर्षी?"

"तुला रडू येत नाही म्हणून."

खांबेट्यांची नोकरीही हीच होती. आमची कंपनी कॅसिनोत ठेवायची मशीन बनवायची. ऑफिस एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं आणि पार्किंगमध्ये गाल धरून चाललेल्या माणसांना आम्ही वाट करून देत असू. बायकोच्या नोकरीमागे मी नागपूरहून तिथे आलो होतो. नागपुरात एका दैनिकात उपसंपादक होतो. इथे मशीनच्या स्क्रीनवरच्या सूचना लिहीत असे. खांबेटे मला पहिल्या दिवसापासून 'पत्रकार' म्हणत आणि त्यात कौतुक किती, चेष्टा किती, हे कळू देत नसत.

त्यांचं डोकं एकाच प्रश्नात अडकलेलं होतं. जुन्या मशीनमध्ये माणूस फक्त कळ दाबतो. पुढचं सगळं नशिबावर. तरुण मुलांना त्यात मजा वाटत नाही. पण बक्षीस पूर्णपणे कौशल्यावर सोडलं, तर हाताचा चपळ एखादा विद्यार्थी दुपारी येऊन मशीन रिकामं करून जाईल. तेव्हा कौशल्य खरं हवं आणि मशीनमधून बाहेर जाणारा पैसा आवाक्यात हवा. यावर खांबेट्यांनी कैऱ्या पाडण्याचा खेळ काढला. स्क्रीनवर झाड, फांदी वाऱ्यानं खालीवर होते. फांदी खाली आली की बटण दाबायचं, दगड सुटतो, नेम बसला तर फळ पडतं. फळ पाडणं तुमच्या हाती; ते केवढं निघेल, हे मशीनच्या हाती. कैरी अमेरिकनांना ओळखू येईना म्हणून चित्रकारानं तिचं पीच केलं. खांबेटे शेवटपर्यंत तिला कैरीच म्हणत.

"मजा मोजून द्यायची," हे त्यांचं वाक्य. मीटिंगमध्ये ते त्याचं इंग्रजीही करत, पण ते कोणाला नीट कळत नसे.

घरीही तेच. त्यांच्याकडे शिरा खायला बसलं की प्रत्येकाच्या बशीत दोनपेक्षा कमी आणि चारपेक्षा जास्त काजू कधी आढळले नाहीत. मला हा आधी योगायोग वाटला. वसुधावहिनींनी खुलासा केला.

"कढईशी उभा राहून काजू मोजतो हा. मला डाव धरू देत नाही."

"एकाच्याच बशीत सगळे गेले तर तो पुढच्या रविवारी येईल," खांबेटे म्हणाले, "पण बाकीचे यायचे नाहीत."

"बाकीचे तुझं बोलणं ऐकून यायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या.

कैऱ्यांचं मशीन चार वर्षांच्या मेहनतीनंतर तयार झालं आणि सरकारी तपासणीला गेलं. तिथल्या शिक्क्याशिवाय मशीन कुठल्याही कॅसिनोत ठेवता येत नाही. खांबेट्यांनी एकट्यानं रचलेलं हे पहिलंच मशीन. शिक्का मिळाला नाही तर कंपनी ते गुंडाळणार होती, हे आमचा मॅनेजर ग्रेग याने स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

तीन आठवड्यांनी तपासणी कार्यालयाचं पत्र आलं. ग्रेग ते हातात धरून खांबेट्यांच्या टेबलाशी आला. चेहरा पांढरा पडला होता.

"विलास, हा लिंबू टिंबू कोण?"

खांबेट्यांनी चष्मा काढला.

"आपण त्याला पगार देतो का?" ग्रेगनं विचारलं. "एचआरकडे नाव नाही. मी दोनदा बघितलं."

झालं होतं असं. जुगाराच्या धंद्यात मशीनला हात लावणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागतो आणि त्यासाठी दहा बोटांचे ठसे द्यावे लागतात. खांबेट्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये एका जागी इंग्रजीत टीप लिहून ठेवली होती: 'इथून पुढे लिंबूटिंबू ठरवतो. त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.' तपासणी कार्यालयानं अत्यंत सभ्य भाषेत विचारणा केली होती की, श्रीयुत टिंबू यांचा परवाना क्रमांक काय, त्यांच्या बोटांचे ठसे का आले नाहीत आणि ते पैशांचे निर्णय नेमके कुठे बसून घेतात.

उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. तोवर लिंबूटिंबू म्हणजे काय ते मला खांबेट्यांकडून कळलं होतं. कोणी लागोपाठ पाच दगड चुकवले की झाडाची फांदी नेहमीपेक्षा किंचित जास्त खाली येई. इतकी किंचित की खेळणाऱ्याला ते दिसत नसे. त्याचा नेम बसू लागे. फळं त्या मानानं बारीक निघत, त्यामुळे मशीनचा हिशेब बिघडत नसे. गल्लीत खेळताना सगळ्यांत लहान पोराला घेतात, त्याला आऊट धरत नाहीत, तसं.

"पण याला कच्चा लिंबू म्हणतात," मी म्हणालो.

"नागपुरात म्हणत असतील. आमच्या कराडात लिंबूटिंबू."

"आमच्यात दूधभात," वसुधावहिनी फोनवर म्हणाल्या. खांबेट्यांनी खात्री करून घ्यायला त्यांना लॅबमध्ये फोन लावला होता. "आणि विलास, मी कामात आहे."

ग्रेग दारात उभा राहून ऐकत होता. "म्हणजे आता तिघं आहेत?" तो म्हणाला.

मी चार मसुदे केले. 'खेळात असलेला, पण खेळात न धरलेला मुलगा,' असं एकात लिहिलं. ग्रेगनं विचारलं, "म्हणजे भूत?" शेवटी तपासणी कार्यालयातल्या डोरीन नावाच्या बाईंनीच फोनवर बोलणं करू या म्हटलं. स्पीकर मध्ये ठेवून आम्ही तिघं बसलो. खांबेटे वीस मिनिटं बोलले.

"माझी धाकटी बहीण," डोरीनबाई मग म्हणाल्या. "आम्ही तिला बेसबॉलमध्ये कधीच बाद करत नसू."

"तिला कळायचं?" खांबेट्यांनी विचारलं.

"कधीच नाही. आजही ती सगळ्यांना सांगते की ती फार चांगली खेळायची."

खांबेटे माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, शिक्का मिळाला. पण डोरीनबाई सरकारी नोकरीत होत्या. त्यांनी नियम वाचून दाखवला. खेळ सोपा किंवा अवघड होत असेल, तर ते खेळणाऱ्याला स्क्रीनवर दिसलं पाहिजे. फांदी अशी जास्त खाली आली की वर अक्षरं यायला हवीत: 'नवख्यांसाठी मदत चालू आहे.' अक्षरांची उंचीही नियमात होती. अक्षरं नको असतील, तर फांदी खाली आणायची नाही. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं.

ग्रेगच्या मते यात प्रश्नच नव्हता. एक ओळ टाकायची आणि मोकळं व्हायचं. ती ओळ मीच लिहिणार होतो, आणि त्याला दहा मिनिटं पुरली असती.

"लिंबूटिंबूला सांगितलं की तू लिंबूटिंबू आहेस," खांबेटे म्हणाले, "की तो घरी जातो."

"कशावरून?" ग्रेगनं विचारलं.

खांबेट्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. मला दिलं, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली भेंडी चिवडत. चौथीत जाईपर्यंत तीन वर्षं ते मोठ्या भावांबरोबर विटीदांडू खेळत. रोज शेवटपर्यंत टिकत. एके दिवशी भांडणात कोणीतरी म्हणालं, त्याचं काय धरायचं, तो तर लिंबूटिंबू. त्यांनी दांडू खाली ठेवला आणि मग कधी उचलला नाही.

"म्हणजे तीन वर्षं तुम्हाला फसवलं त्यांनी," मी म्हणालो.

"तीन वर्षं मी फार छान खेळत होतो, पत्रकार."

शुक्रवारी सकाळी त्यांनी तो भाग स्वतःच्या हातानं काढून टाकला. अक्षरं टाकली नाहीत. टीपही पुसली. बारा ओळी कमी झाल्या, असं त्यांनी ग्रेगला कळवलं. ग्रेगनं एचआरला कळवलं की श्रीयुत टिंबू आता कंपनीत नाहीत. पुढच्या महिन्यात शिक्का मिळाला. ऑफिसात केक कापला. केकचे तुकडे खांबेट्यांनी केले. ते सारखे होते.

पहिली मशीन उत्तरेला तासाभराच्या अंतरावरच्या एका कॅसिनोत लागली. त्यानंतर महिन्याभरानं वसुधावहिनींचा मला फोन आला.

"भाऊजी, विलास रविवारी सकाळी कुठे जातो, ठाऊक आहे?"

"नाही."

"कॅसिनोत. गाडीत पार्किंगची चिठ्ठी सापडली. मला सांगून जातो की कोथिंबीर आणायला. चार रविवार झाले, घरात कोथिंबीर नाही."

"वहिनी, आम्हाला आमच्या मशीनवर खेळायची परवानगी नाही. नोकरी जाईल."

"म्हणून तर म्हणते. जाऊन बघून या. हलवायाला मिठाई आवडत नाही म्हणतात, याचं काही सांगता येत नाही."

पुढच्या रविवारी मी गेलो. सकाळचे दहा वाजले होते. गालिच्यावर व्हॅक्यूम चालू होता आणि गिऱ्हाईक तुरळक होतं. कॉफीच्या काउंटरशेजारी आमची तीन मशीन होती. मधल्या मशीनवर साधारण पंच्याहत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. निळं स्वेटर, मांडीवर पर्स. त्यांच्या उजवीकडच्या रिकाम्या मशीनपुढे खांबेटे कॉफीचा कप घेऊन बसले होते. ते खेळत नव्हते. ते खोकत होते.

मी खांबाआड उभा राहून पाहिलं. बाईंच्या स्क्रीनवर फांदी वर जाई, तेव्हा खांबेटे गप्प असत. फांदी खाली येऊन नेमक्या जागी पोचली, की खोकत. बाई बटण दाबत. पीच पडे. पुन्हा फांदी वर. खांबेटे कॉफीचा घोट घेत. पुन्हा खाली, खोकला. मी मोजलं: चौदा वेळा फांदी खाली आली, चौदा वेळा ते खोकले.

तेवढ्यात एक धिप्पाड गार्ड आला. नोकरी जाते की काय, असं मला वाटलं, आणि मी पुढे झालो.

"सर, तुम्ही बरे आहात ना?" गार्डनं विचारलं. "गेल्या रविवारीही तुम्हाला असाच खोकला होता."

"कोरडा आहे," खांबेटे म्हणाले.

"चला, पाणी देतो. माझ्याकडे गोळ्या पण आहेत."

नाही म्हणण्यासारखं कारण त्यांच्यापाशी नव्हतं. मला पाहून ते दचकले, 'थांबा' अशी खूण केली आणि गार्डच्या मागून काउंटरकडे गेले.

बाईंनी खेळ थांबवला नाही. फांदी खाली आली. त्यांनी बटण दाबलं. पीच पडलं. पुन्हा खाली आली, पुन्हा पडलं. लागोपाठ पाच. मी बघत राहिलो.

"तुम्ही त्यांचे मित्र का?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"एकाच ऑफिसात आहोत."

"मला ती फांदी स्वच्छ दिसते," त्या म्हणाल्या. "मी तीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात मशीनवर बसले आहे. पण पहिल्या दिवशी माझे दोन-तीन दगड चुकले आणि हे गृहस्थ खोकायला लागले. इतकं काळजीपूर्वक खोकणारा माणूस मी पाहिला नव्हता. आता मी त्यांच्यासाठी थांबते. ते नसले तर रविवार लवकर संपतो." त्यांनी मागे वळून काउंटरकडे पाहिलं. "त्यांना सांगू नका."

खांबेटे घशाची गोळी चघळत परत आले. बाईंनी ताबडतोब एक दगड चुकवला. खांबेटे लगबगीनं खुर्चीत बसले, कप हातात घेतला आणि फांदी खाली यायची वाट पाहू लागले.

अकरा वाजता बाई उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि आम्हा दोघांना 'हॅव अ गुड वीक' म्हणून गेल्या. आम्ही पार्किंगमध्ये आलो. खांबेट्यांनी गाडीचं दार उघडलं, पण आत बसले नाहीत.

"पत्रकार, आज बारीक शंका आली होती मला. पाणी प्यायला गेलो, तेवढा वेळ खोकला नव्हता ना." त्यांनी किल्ली बोटात फिरवली. "तिला कळलं नसेल ना काही?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."