शाणूकाकांच्या कॅमेऱ्याची तीन हेल्मेटं

शाणूकाकांच्या घरात एकूण तीन हेल्मेटं आहेत आणि त्यांतलं एकही शाणूकाकांच्या डोक्याला बसत नाही. तिन्ही त्यांच्या ड्रोनच्या कॅमेऱ्याची. पहिलं करवंटीचं, आतून स्पंज लावलेलं. दुसरं सोड्याच्या बाटलीचा तळ कापून केलेलं. तिसरं काकींच्या जुन्या लुगड्याचं, सात पदरी, नाडीने आवळायचं. स्वतः काका मात्र पेडण्यापासून डिचोलीपर्यंत उघड्या डोक्याने स्कूटर हाकतात. एकदा पोलिसाने अडवलं, हेल्मेट कुठे म्हणून विचारलं. काकांनी डिकी उघडून करवंटी दाखवली. पोलिसाने करवंटीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि हाताने "जा" अशी खूण केली.

"पिसो समजून सोडलो म्हाका," काका हे अभिमानाने सांगतात. पिसो म्हणजे वेडा.

"आंग मोडूं, पूण दोळो उरूं." शरीर मोडो, पण डोळा राहो. हे त्यांचं ब्रीद. कॅमेरा हा दोळो. तो ज्या नाजूक सांध्यावर झुलतो, वारा सुटला तरी चित्र हलू देत नाही, त्या गिंबलला ते 'मान' म्हणतात, पंखाला 'पाखाटो'. "पाखाटो मोडलो जाल्यार नवो घालूं येता. मान मोडली म्हणजे मडें." आणि मडें म्हणताना ते स्वतःच्या मानेवरून हात फिरवतात.

वीस वर्षं त्यांनी डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवला. खाणी बंद पडल्या तसा टिपर पार्से गावातल्या त्यांच्या घरासमोर गंजत उभा राहिला. पावसाळ्यात त्याच्या हौद्यात बेडूक ओरडायचे. शेवटी तो भंगारात गेला आणि काकांनी ड्रोन घेतला. तेव्हापासून लग्नं, जत्रा, कुणाच्या काजूबागेची पाहणी, यावर घर चालतं.

त्यांचा ड्रोन जमिनीवर उतरत नाही. जांभ्याची धूळ गिंबलात शिरते, म्हणून तो चादरीत उतरतो. आंबे उतरवताना झाडाखाली धरतात तशी चार जणांनी चार टोकं धरायची. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचे चारही मामा या कामाला लावले. अंतरपाट धरायची वेळ झाली तरी मामा अंगणात आकाशाकडे तोंडं करून उभे. भटजी माइकवरून ओरडले, "अहो, नवरी कुठल्या कापडाकडे उभी करू?" मुहूर्त टळला तरी चालेल, पण टोक सोडू नका, असं काकांनी मामांना बजावलं होतं.

आणि एकदा चादर धरायला कुणी मिळालं नाही तेव्हा कोसळत्या ड्रोनखाली ते स्वतः गेले. कपाळाला टाके पडले. डॉक्टर जखम धूत असताना हे त्यांना म्हणत होते, "दोतोर, तुमी पयलीं काच पळयात. चरो पडला काय?" पळयात म्हणजे बघा.

गावात सगळे हसतात. मीही हसलोय. पण कॅमेऱ्याला एवढं जपण्याचं कारणही गावाला ठाऊक आहे. ते कारण पुढच्या खोलीतल्या खाटेवर असतं.

सुमनकाकींना तीन वर्षांपूर्वी झटका आला. एका बाजूचं अंग गेलं, गाडीत बसवलं की पाठीत कळ येते. त्यांचं माहेर, इथल्या बोलीत कुळार, डिचोलीच्या खाणपट्ट्यात आहे. घरामागे पूर्वी डोंगर होता, आता खंदक आहे. तिथे आता फक्त भाऊ-वहिनी राहतात. दर आयतारी, म्हणजे रविवारी, काका सकाळी स्कूटरवरून तिथे जातात, घरावरून ड्रोन फिरवतात आणि दुपारी ते चित्रण टीव्हीला लावतात. काकी उशीला टेकून आपलं कुळार वरून बघतात. विहीर, कौलं, वाळत घातलेले कपडे. वहिनीने कुठली साडी वाळत टाकलीय यावरही शेरा येतो. आठवड्यात त्या एवढंच बघतात. कॅमेरा गेला तर तेवढंही जाणार.

चित्रात खंदक आला की काकी हटकून म्हणायच्या, "म्हजें कुळार तुमीच व्हेलें, टिपरांत घालून."

"एकट्यान न्हय गो. शंभर टिपर आशिल्ले."

"म्हजो घोव एकाच टिपरांत आशिल्लो."

घोव म्हणजे नवरा. यावर काका हसायचे.

या माणसाकडे मी गेलो तो भांडायच्या तयारीने. आमच्या वाड्यावरची टेकडी कापायला घेतली होती. वर बंगले व्हायचे होते, पोहायच्या तलावासकट. खाली आमची झर, गावाची. मी पत्रकं छापली, घरोघर वाटली. लोकांनी त्यांत भजी बांधली. सरकारी कागदावर टेकडी शाबूत आणि 'पडीक' होती. ती कुठवर कापलीय हे रस्त्यावरून दिसत नव्हतं, आणि वर जायची वाट पत्रे ठोकून बंद केली होती. रविवारी ग्रामसभा. त्याआधी वरून काढलेले फोटो हवे होते.

"थंय वारें आसा," काका म्हणाले.

"काका, तिथे तीन जेसीबी आहेत."

"घारी आसात. घार दोळो पळोवनच येता."

"आठ दिवसांनी घारींना बसायला झाड उरणार नाही."

"फुडल्या म्हयन्यांत पळोवया."

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला काच जपायचीय की गाव? वीस वर्षं डोंगर वाहिलेत, एकाचा फोटो काढताना हात कापतो?"

बोललो आणि जीभ चावली. काका करवंटीतला स्पंज दाबत राहिले. आतून काकींचा आवाज आला, जा म्हणून.

"वचात हो तुमी. म्हज्या कुळारच्या दोंगराचो एकूय फोटो ना. कोण विचारता, हांगा दोंगर आशिल्लो म्हणटात तो खंय? तर हांवें किदें दाखोवचें?"

"आनी आयतार?" काकांनी विचारलं.

"एक आयतार चुकलो म्हणून हांव मरना."

मोप्याचा विमानतळ झाल्यापासून आमच्या बाजूला ड्रोन वर काढायचा तर परवानगी लागते. काकांनी ती रीतसर मागितली. मिळाली, पण कमी उंचीची. तेवढ्याच उंचीवरून टेकडीचं कुणी न पाहिलेलं अंग दिसलं. रिमोटच्या पडद्यावर मी ते पाहिलं तेव्हा मला पत्रकातला एकही शब्द आठवेना. मधोमध कापलेलं, लाल, ओलं. झरीच्या डोक्यावरची झाडं मुळं वर करून पडलेली. तिन्ही हेल्मेटं डिकीत होती, कारण मान मोकळी असल्याशिवाय डोळा फिरत नाही आणि ती बांधून ड्रोन चालू केला तर गिंबलच जळतो. काकांनी घारी चुकवल्या, वारा चुकवला, सगळा कापलेला उतार टिपला.

चुकलं ते घरी येताना. बॅटरी संपत आली की हा ड्रोन आपला आपण परततो, आधी नेमून दिलेल्या उंचीवरून. काकांनी नियमाला धरून ती उंची कमी ठेवली होती. आणि आम्ही चौघे चादर धरून उभे होतो माडांच्या बागेत, कारण तिथे सावली बरी होती! ड्रोन सरळ रेषेत, आज्ञाधारकपणे आला आणि आमच्या डोक्यावरच्या माडाच्या शेंड्यात घुसला. चादर रिकामीच राहिली.

बाबी पाडेलीला बोलावलं. गावातले नारळ तोच पाडतो. तो सरसर वर चढला आणि तिथून ओरडला, "शाणूबाब, हें कवळें काय पिकिल्लें? सकयल उडोवूं?" खाली टाकू का, असं.

"उडोवं नाका रे! दोळो धर! दोळो!"

"कोणाचो दोळो?"

आम्ही हसलो. बाबीने ड्रोन कमरेच्या टोपलीत घालून आणला. चारही पंख धड होते, पाठीवर ओरखडा नव्हता. कॅमेरा तेवढा एका पट्टीसारख्या तारेवर लोंबत होता, काचेला मधोमध तडा. काकांनी तो तळहातावर घेतला आणि आमचं हसू थांबलं.

पणजीच्या दुकानदाराने सांगितलं, हे मॉडेल बंद झालं, त्याचा गिंबल आता येत नाही. नवा ड्रोन घेण्याचा विषय काकांनी काढला नाही, आम्हीही नाही.

ड्रोनमधलं मेमरी कार्ड मात्र वाचलं होतं. ग्रामसभेत मी फोटो भिंतीवर दाखवले. एकाने विचारलं, हे आपल्याच गावचं कशावरून? दुसऱ्याने विचारलं, ड्रोन उडवायला पंचायतीला विचारलं होतं का? परवानगीचा कागद काका घेऊन आले होते. त्यावर अर्धा तास चर्चा झाली, टेकडीवर पाच मिनिटं. चौकशी करायचं ठरलं. जेसीबी दोन दिवस थांबले आणि तिसऱ्या दिवशी चालू झाले. टेकडी आता अर्धी आहे. झर मेपर्यंत टिकेल असं म्हणतात.

पुढच्या रविवारी दुपारी मी माफी मागायला गेलो. काका स्वयंपाकघरात चहा करत होते. काकींनी मला खाटेजवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वयनीचो फोन आयिल्लो. ट्रकांखातीर रस्तो रुंद केलो. दारांतलो पणस गुरुवारी कातरलो. म्हज्या बापायन लायिल्लो."

"काकांना सांगितलं?"

"ना."

काका चहा घेऊन आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आयज सकाळीं गेल्लों. तुये गांवच्या एका दोस्ताचो ड्रोन मागून व्हेल्लो." आणि त्यांनी टीव्ही लावला.

कौलं आली, विहीर आली. मग अंगण, आणि अंगणात फणस. उंच, भरगच्च, बुंध्याला धरून लहान लहान फणस लगडलेले. गुरुवारी पडलेलं झाड रविवारच्या उन्हात उभं होतं. काका पडद्याजवळ गेले आणि त्यावर बोट ठेवलं.

"पळय, पणस. कितले लागल्यात!"

मी काकींकडे पाहिलं. खोटं सहन न होणारा माणूस म्हणून मी गावात ओळखला जातो. काकींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी चहाच्या कपात बघू लागलो.

"हय," त्या म्हणाल्या. "यंदा बरे धरल्यात. पिकले की एक धाडूंक सांगात वयनीक."

"सांगतां मगो."

ड्रोनच्या चित्रणाला आवाज नसतो. तरी काकांनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला, खाटेच्या कडेला बसले, आणि दोघंही ऐकत राहिली.