रत्नाबाईंचा बिनभाताचा डबा

"भात बंद!" पालघरच्या डॉक्टरांनी फर्मावलं. "चपाती, बटाटा, साखर, सगळं बंद. मासळी खा, अंडी खा, पालेभाजी खा. वजन उतरलं नाही तर हे गुडघे तुम्हाला मासळीची पाटी उचलू देणार नाहीत."

"मंग जेवू काय?" रत्नाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, रत्नाबाईंनी पुन्हा तेच विचारलं. भाताशिवाय पोटात जे जातं त्याला त्यांच्या सातपाटी गावात जेवण म्हणत नाहीत, हे त्या पुण्याकडून आलेल्या डॉक्टरांना कोण समजावणार?

सोबत आलेल्या सुनेनं, उषानं, मात्र सगळं मनावर घेतलं. पोर भारी सरळ. दुसऱ्याच दिवशी तिनं सासूला डबा भरून दिला. तळलेलं पापलेट, उकडलेली अंडी, माठाची भाजी. भाताचं शीतही नाही.

आता पालघरच्या मासळीबाजारात दुपारी बायका डबे उघडतात ते काही फक्त जेवायला नव्हे. कुणाच्या घरात काय चाललंय, ते डब्यावरून कळतं. शेजारी मासळी विकणाऱ्या गोजराबाईंनी वाकून बघितलं आणि त्या दचकल्याच.

"भात कुठं हाय ग?"

"सुनेनं नाय दिला," रत्नाबाई म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं. पुढचं, डॉक्टरांचं, त्या सांगणारच होत्या. पण त्यासाठी तोंड उघडलं आणि गोजराबाईंनी त्यात भाताचा घासच घातला.

अहाहा! कोलमचा मऊ भात, वर बोंबलाचं कालवण. रत्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुखाचं होतं, पण गोजराबाईंना काय माहीत?

"रडू नको बाय. मी कुणाला बोलणार नाय. रोज माझ्यातलं खा."

कुणाला बोलणार नाही म्हणजे संध्याकाळपर्यंत फक्त पलीकडच्या मासळीवाल्या जमनाला सांगितलं. मग जमनाही रत्नाबाईंना बर्फाच्या पेट्यांमागे नेऊन गुपचूप भात खाऊ घालू लागली. आपल्याशिवाय या बिचारीला कुणी नाही, असं दोघींनाही वाटत होतं. आणि कुणाचं मन मोडणं रत्नाबाईंच्या स्वभावातच नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या काट्यावर वजन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी उषाकडे रोखून पाहिलं. "घरात भात देता ना?"

"देवाशपथ नाय!" उषा रडवेली झाली. घरी येऊन तिनं तांदळाच्या डब्याला चक्क कुलूप लावलं.

झालं! कुलूप घराशेजारच्या बाईनं पाहिलं आणि नळावर बोभाटा झाला. सासूच्या भाताला कुलूप! बायका उषाला बघून तोंड फिरवू लागल्या. त्यात उषाची धाकटी बहीण शकू हिला गोजराबाईंच्या मुलासाठी, दामूसाठी, मागणी घालायची बोलणी चालली होती. ती तिथंच अडली.

रविवारी संध्याकाळी गोजराबाई आणि जमना टीव्हीवरचा सिनेमा सोडून रत्नाबाईंच्या अंगणात आल्या. यावरूनच त्यांचा राग ओळखावा. गोजराबाईंच्या हातात भाताचं टोप होतं.

"रत्ना, बस. जेव आमच्यासमोर! आणि उषा, तू ऐक. सासूला उपाशी मारणाऱ्या घरातली पोर आमाला नको. शकूचं विसर."

उषा दारातच रडायला लागली. "आई, तुमी तरी सांगा ना!"

रत्नाबाईंनी टोपाकडे पाहिलं. वाफ येत होती. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. आता गप्प बसलं तर भात मिळेल, पण या पोरीचं नाव कायमचं जाईल.

"हिला कोण काय बोलू नका," त्या म्हणाल्या. "भात डॉक्टरनं बंद केलाय."

"मंग माझ्या डब्यातला कसा चालला?" गोजराबाईंनी विचारलं.

"नाय चालत. पण खाल्ला."

"थांब थांब," जमना पुढे आली. "तू गोजराच्या डब्यातला पण खात होतीस?"

"तुमचं मन कसं मोडू?" रत्नाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या.

"आणि घरी काय खातीस?"

"पापलेट."

"विकायचं, एवढं महागाचं पापलेट?"

"हां. डॉक्टरनं मासळी सांगितलीय ना."

जमनाचं लक्ष आता उषाकडे गेलं. पोरीच्या गळ्याची हाडं वर आलेली. "मंग तू काय खातीस ग?"

"भात आणि सुकट," उषा अपराध्यासारखी म्हणाली. "पापलेट आईंना पुरायला पायजे ना."

गोजराबाईंनी टोप उचललं ते थेट उषापुढे ठेवलं. "बस! जेव! आणि शकू पण अशीच हाय का?"

"ती माझ्यापरीस भोळी हाय."

"मंग दामूला तीच!"

रत्नाबाई उठल्या. गुडघे कुरकुरले, तरी स्वतः आत गेल्या, आपल्या वाटणीचं पापलेट घेऊन आल्या आणि त्याचा मधला तुकडा त्यांनी उषाच्या ताटात वाढला. "खा ग माझे बाय. माझं चुकलं."

उषा डोळे पुसत जेवायला लागली. भूक लागलेलं माणूस जेवतं तशी जेवली. रत्नाबाई तिच्या शेजारी बसून बघत राहिल्या. थोड्या वेळानं उषानंच भाताचा एक घास कालवला आणि सासूपुढे धरला. "आई, एवढा एकच घ्या."

गोजराबाई आणि जमना डोळे वटारून बघत होत्या.

"नको ग," रत्नाबाई म्हणाल्या. "पोट भरलं माझं."

आणि नवल म्हणजे, ते खरंच भरलं होतं.