दहाच्या दहा बरोबर

शुक्रवारी दुपारी साडेचारला डेपोच्या टाइमकीपरचा फोन आला, तेव्हा मशीनवाले काका एका शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसले होते. बोटं तेलानं माखलेली. फोन त्यांनी खांदा आणि कान यांच्यामध्ये कसाबसा धरला.

"काका, मी डेपोतून बोलतोय, टाइमकीपर. बाईंच्या नावाबद्दल जरा विचारायचं होतं."

काकांचा हात मशीनच्या आतच थांबला. बाई म्हणजे त्यांची बायको. बसडेपोच्या चौकशीच्या खिडकीत तिनं सव्वीस वर्षं काढली. अख्खा डेपो तिला चौकशीबाई म्हणायचा. तिला जाऊन सोळा दिवस झाले होते.

"कसलं नाव?"

"फळ्यावरचं. फुटबॉलच्या अंदाजांचा फळा."

त्या फळ्याबद्दल काकांनी जेवताना पुष्कळ ऐकलं होतं. लीगच्या दर आठवड्याला दहा मॅचेस. कोणत्या मॅचचा काय निकाल लागणार ते शुक्रवारी पाचच्या आत टाइमकीपरला सांगायचं. जमला त्या अंदाजाला एक गुण. पैज नाही, बक्षीस नाही, नुसती इभ्रत. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक मिळून बावीस जण खेळायचे आणि चौकशीबाई त्यात सहावी होती.

"सलग दोन आठवडे अंदाज आला नाही की नाव पुसायचं असा नियम आहे," टाइमकीपर म्हणाला. "त्याआधीचा अंदाज बाई देऊन गेल्या होत्या. मागचा आठवडा कोराच गेला. आज पाच वाजता दुसरा जाईल. मला बरं वाटत नाही हो काका, पण नियम मीच केलाय."

गेल्या सोळा दिवसांत तिचं नाव विजेच्या बिलावरून गेलं होतं, पेन्शनच्या कागदावरून गेलं होतं, लायब्ररीच्या कार्डावरून गेलं होतं. दर ठिकाणी काकांनीच सही केली होती.

"पुसू नका," काका म्हणाले. "अंदाज मी देतो."

"तुम्हाला फुटबॉलमधलं कळतं?"

"ओ की ठो नाही."

"हरकत नाही. बाईंनाही कळत नव्हतं. त्या रस्त्यावरून सांगायच्या. कोणती टीम किती लांबून येणार, वाटेत घाट आहे का, गाडी बदलावी लागते का. एवढं हादरत आलेला माणूस धावेल कसा, असं म्हणायच्या. मी मॅच वाचतो, तुम्ही सांगा. पहिली. पोलाद विरुद्ध मिठागर. मिठागरवाले सहा तास घाटातून येणार. बाई म्हणाल्या असत्या, पोलाद."

"बरोबर," काका म्हणाले.

"दुसरी. बंदर विरुद्ध टेकडी. टेकडीहून थेट गाडी नाही, मध्ये दोन तास थांबायचं. बाई म्हणाल्या असत्या, बंदर."

"बरोबर."

तिसऱ्या मॅचला टाइमकीपरनं तिची नक्कलच केली. "'अहो, त्या रस्त्यानं गेलेलं अंडंसुद्धा धड पोचत नाही.'" काकांना हसू आलं आणि हसता हसता आवाज फुटला. त्यापुढे त्यांच्या तोंडून एकच शब्द निघत होता. दहाव्या मॅचला तर तोही अर्धाच निघाला.

आता घोळ असा, की डेपोत 'बरोबर' म्हणजे ना हार ना जीत. बरोबरी हा लांबलचक शब्द तिथं कुणी वापरत नसे. मॅच बरोबर सुटली म्हणायचे आणि फळ्यावर दोन आडव्या रेघा मारायचे. टाइमकीपर तर ऐकलं ते लिहिणारा माणूस. बस सहा वाजून चार मिनिटांनी सुटली तर तो सहा वाजून पाच मिनिटं लिहिणार नाही. त्यानं दहा वेळा 'बरोबर' ऐकलं आणि दहा वेळा दोन आडव्या रेघा मारल्या.

शनिवार-रविवारी वादळ आलं. मैदानांचा चिखल झाला. चेंडू जिथं टाकावा तिथंच रुतून बसायला लागला.

सोमवारी सकाळी पुन्हा फोन.

"काका, सात बरोबर!"

"सात? वा! म्हणजे तीन चुकल्या."

"तीन बरोबर सुटल्या नाहीत, म्हणून बरोबर आल्या नाहीत. सात बरोबर सुटल्या, म्हणून बरोबर आल्या."

"थांबा थांबा. पोलाद जिंकलं ना?"

"नाही हो. पोलाद बरोबर."

"मग चुकलंच की."

"चुकलं कसं? तुम्ही बरोबर म्हणालात, मी बरोबर लिहिलं, मॅच बरोबर सुटली. बरोबर आहे ना?"

काकांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. अंदाज चुकून नोंदला असं ठरलं तर तो रद्द होणार. रद्द झाला तर आठवडा कोरा. कोरे आठवडे दोन, आणि मग ओलं फडकं.

"बरोबर," काका म्हणाले.

चौकशीबाई सहावरून दुसऱ्या क्रमांकावर गेली. अख्ख्या डेपोत दुसऱ्या कुणाचे तीनच्या वर जमले नव्हते. बाई वरून नवऱ्याला सांगतात, असं एका कंडक्टरचं ठाम मत पडलं.

मंगळवारी काकांच्या दुकानात हॉर्न आला. हा डेपोतला ड्रायव्हर. रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवायचा म्हणून त्याचं नावच तसं पडलं होतं. फळ्यावर तो दरवर्षी शेवटचा असे. खांद्यावर बायकोचं मशीन होतं.

"काका, टाका तुटतोय."

काकांनी चिंधीवर टाका घालून बघितला. मोत्यासारखा टाका. "याला काही झालेलं नाही."

"नक्की ना? मग राहू द्या. बरं, या आठवड्याच्या मॅचेसचं काय वाटतं?"

काका मशीनकडेच बघत होते. "वरच्या धाग्याचा ताण आणि खालच्याचा ताण अगदी सारखा आहे," ते म्हणाले. "कुठलीच बाजू जड नाही."

हॉर्ननं मान डोलावली, मशीन तिथंच टाकलं आणि तो सुसाट निघाला.

गुरुवारपर्यंत दुकानात सात धडधाकट मशीनं जमली. दर मशीनमागे एक ड्रायव्हर किंवा मेकॅनिक उभा, आणि दर मशीनचा ताण दोन्हीकडून सारखा. बिघडलेली मशीनं फूटपाथवर काढावी लागली. शुक्रवारी हॉर्नची बायको तणतणत आली.

"काका, माझं मशीन ह्यांनी इथं कशाला आणलं? घरात अर्धे पडदे शिवून पडलेत, शेजारचे सगळे आत बघतायत!"

"वहिनी, ते अंदाज विचारायला आले होते. मला खरंच त्यातलं काही कळत नाही हो."

"अहो, आमच्या ह्यांनाही कळत नाही. लग्न झाल्यापासून सांगतेय. तुम्ही कबूल तरी करता!" असं म्हणून तिनं मशीन उचललं आणि पडदे शिवायला घेऊन गेली.

त्या आठवड्यात डेपोतल्या अकरा जणांनी दहाही मॅचेस बरोबर सुटणार असं सांगितलं. एकही बरोबर सुटली नाही. ऊन लख्ख होतं आणि सगळीकडे गोल पडले. काकांनी मात्र तिच्या पद्धतीनं रस्ते बघून अंदाज दिले होते, त्यांचे चार जमले.

"स्वतः चार घेतले आणि आम्हाला शून्यावर बसवलं!" हॉर्न दुकानात येऊन ओरडला. "पोटात एक, ओठांवर एक!"

"मी मशीनबद्दल बोलत होतो."

"हो का! आणि सात जणांच्या सात मशीनचा ताण सारखा?"

"चांगल्या मशीनचा सारखाच असतो," काका म्हणाले. हे अक्षर न् अक्षर खरं होतं, म्हणून कुणालाच पटलं नाही.

मशीनं परत गेली. काकांच्या मागे मात्र शुक्रवार लागला तो लागला. ते दर गुरुवारी डेपोत जाऊन चौकशीच्या खिडकीशी उभे राहायचे. तिथं आता एक नवी मुलगी बसायची.

"मिठागरहून बंदराला जायला किती वेळ लागतो?"

"कोणत्या तारखेचं तिकीट पाहिजे, काका?"

"मला जायचं नाहीये."

"मग कोण जाणारे?"

"अकरा जण. आणि एक राखीव गोलकीपर."

पहिले दोन गुरुवार मुलगी बिचकली. तिसऱ्या गुरुवारी तिनं आधीच कागद तयार ठेवला होता. कुठला पूल बंद, कुठं वळसा. रविवारी संध्याकाळी काका रेडिओ लावायचे. ऑफसाइड काय असतं ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही, पण गोल झाला की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून "झाला गं," असं सांगायचे. दोन-तीनदा सांगून झाल्यावर आपलं आपल्यालाच कळलं, तरी त्यांनी ती सवय मोडली नाही.

रस्ते बघून तिला जमायचं तेवढं त्यांना जमत नव्हतं. दुसरीची सातवी झाली, सातवीची चौदावी. काकांना त्याचं दुःख नव्हतं. नाव फळ्यावर होतं.

लीग संपायला चार आठवडे उरले, तेव्हा खिडकीतली मुलगी सहज म्हणाली, "आता काय, काका. फळा धुतला की तुमचे गुरुवार मोकळे."

"धुतला म्हणजे?"

"सीझन संपला की धुतातच. फक्त शेवटच्याचं नाव पुढच्या सीझनपर्यंत तसंच ठेवतात, येता-जाता सगळ्यांना हसता यावं म्हणून. हॉर्नकाकांचं सात वर्षं हललेलं नाही."

काका घरी जाईपर्यंत स्वतःशी बोलत होते. पहिला येऊन उपयोग नाही. दुसरा येऊन नाही. शेवटचं यायला हवं.

पण शेवटचं येणं दिसतं तेवढं सोपं नसतं. काकांनी तिची पद्धत उलटी केली. जो दमून येणार, तोच जिंकणार म्हणून सांगितलं. पहिल्याच आठवड्यात सहा जमले. टेकडीवाले नऊ तास हादरत गेले आणि चार गोल ठोकून आले. पुढच्या आठवड्यात काकांनी डोळे मिटून कागदावर पेन्सिल ठेवली. पाच जमले.

"काका, फॉर्म आलाय तुम्हाला!" टाइमकीपर फोनवर म्हणाला.

"आता काय करू हो मी?" काका रडवेल्या आवाजात म्हणाले. टाइमकीपरला वाटलं, आनंदानं गहिवरले.

लीगच्या शेवटच्या सोमवारी काका डेपोत पोचले. उरलेल्या दोन आठवड्यांत त्यांचे कमी जमले होते, तरी चौकशीबाई सतरावीच होती आणि हॉर्न नेहमीप्रमाणे तळाला. दोघांमध्ये सहा गुणांचं अंतर. काकांनी टाइमकीपरला बाजूला घेतलं.

"माझे सात गुण काढून टाका. त्या वादळाच्या आठवड्याचे. मी फोनवर बरोबर म्हणत होतो ते तुमचं म्हणणं बरोबर या अर्थानं. मॅचबद्दल नव्हतं. मी हे लपवलं."

टाइमकीपरनं मान खाली घातली. सात गेले की चौकशीबाई हॉर्नच्याही एकानं खाली जाते, हा हिशोब त्याच्याही डोक्यात झाला असणार.

"काका, लिहिलेलं मी एकोणीस वर्षांत खोडलेलं नाही," तो म्हणाला. "आणि मला ते तेव्हाच कळलं होतं."

"कळलं होतं? मग लिहिलंत का?"

"टीम लिहिली असती तर तो माझा अंदाज झाला असता. आणि पाच वाजत आले होते. तुमचा आवाज फुटत होता. मी पुन्हा विचारलं असतं आणि तुम्ही फोन ठेवला असता तर? तुम्ही नुसतं हं म्हणाला असतात तरी मी काहीतरी लिहिलंच असतं."



टाइमकीपरनं बादली आणली. बाकीच्यांची नावं त्यानं भराभर पुसली. तिच्या नावापाशी आला तेव्हा फडकं पिळत बराच वेळ उभा राहिला. शेवटी काकांनीच ते त्याच्या हातातून घेतलं आणि पुसलं. नीट, कडेपर्यंत. फळ्यावर तळाला एकटा हॉर्न उरला.

"काका, आमचं पण पुसा की हळूच," हॉर्न म्हणाला. कुणीतरी हसलं, मग काकाही हसले.

ते निघाले, तसा टाइमकीपरनं आवाज दिला. "कुठं चाललात? नाव सांगा. पुढच्या सीझनचं."

"माझं?"

"मग कुणाचं? पंचवीस आठवडे अंदाज कोण देत होतं?"

"मशीनवाले लिहा त्यांचं," हॉर्न म्हणाला.

"लिहून उपयोग काय?" खिडकीतून मुलगी ओरडली. "इथं सगळे मशीनवालेच आहेत. वर्कशॉपातले नऊ जण आपलंच नाव समजतील!"

हा मुद्दा टाइमकीपरला पटला. फळा वाळेपर्यंत सगळ्यांनी चहा घेतला. मग त्यानं स्टुलावर चढून, त्याच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहायला घेतलं. 'चौकशीबाईंचे' एवढं लिहून होईपर्यंत रकाना संपला.

"मिस्टर मावत नाहीत," तो खाली बघून म्हणाला. "दुसऱ्या ओळीत घेऊ?"

"दुसऱ्या ओळीत घेतलं तर ते वेगळे खेळाडू होतील," हॉर्न म्हणाला. "बाई एक आणि मिस्टर एक. मग गुण कुणाचे?"

यावर जोरदार वाद सुरू झाला. टाइमकीपरनं खडू वर धरून काकांकडे पाहिलं.

"मिस्टर राहू द्या," काका म्हणाले. "कुणाचे ते लिहिलंय ना? कोण ते कळेल लोकांना."