नानांची चिमूट

आमचे शेजारी दोधूनाना माणसांचीही प्रत ठरवत. जळगावच्या एका जिनिंगमध्ये कापूस चिमटीत ओढून वजन फुगवणारा ओलावा सांगण्यात त्यांची उमर गेली. निवृत्तीनंतर कापूस सुटला, चिमूट राहिली. मत मागायला आलेल्या नगरसेवकाची बाही चोळून ते म्हणाले होते, "धागा आखूड शे."

माझी पुतणी धुळ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिला इंटरनेटचं व्यसन मोजायचं होतं. तिच्या इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी मी केलं. मी मराठीचा निवृत्त मास्तर. स्वतःच्या भाषांतरावर बेहद्द खूश. ते तपासायला पहिले सापडले नाना.

'इंटरनेट नसताना तुम्हाला बेचैनी वाटते किंवा राग येतो का?'

"बेचैनी येगळी, राग येगळा. येक गठाणमा दोन माल नका भरू, मास्तर."

पुढे 'क्वचित' आणि 'कधी कधी' यांच्या मधला माल कुठे टाकायचा, यावर अर्धा तास गेला. मग आला सातवा प्रश्न: 'घरच्या माणसांना सोडून तुम्ही इंटरनेटवर वेळ घालवता का?' नाना कागदाचा कोपरा चोळत म्हणाले, "हाऊ प्रश्न ओला शे."

मी हसलो. उत्तर द्या म्हटलं. त्यांनी 'नेहमी'वर खूण केली.

नानांची बेरीज भलतीच मोठी आली. ती कोणाला सांगायची नाही, असं पुतणीनं बजावलं होतं. मी दुसऱ्याच सकाळी चहाच्या टपरीवर सांगितली. दोधूनानांचे 'नेटवाले नाना' झाले आणि टपरीवर यायचे बंद झाले.

चौथ्या दिवशी शिंदखेड्याहून त्यांच्या भाच्याचा मला फोन आला. मामांचा फोन बंद आहे, आई जेवत नाही. ही आई म्हणजे नानांची थोरली अक्का. लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. नाना रोज व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवत आणि डाळ निवडता निवडता अख्ख्या गल्लीची प्रत तिला सांगत. नानांच्या घरचं माणूस तेवढं एकच, आणि ते फोनमध्ये होतं.

मी धावत गेलो, माफी मागितली. नानांनी कपाटातून फोन काढला.

"तुमना कागद सांगस, म्हणजे खरंच व्यसन व्हई," ते म्हणाले. "म्हणून बंद ठेवला."

सातवा प्रश्न मी खोडला. टपरीवर खुलासा करायचं धैर्य मात्र आजवर झालं नाही. तो इथं करतो.

त्या दिवशी नानांनी तिथंच फोन सुरू केला, कॉल लागला. अक्काची नजर पडद्यावर हळूहळू स्थिरावली. मी बाहीनं डोळे पुसले. नानांनी तीच बाही चिमटीत धरून मला पुढं ओढलं.

"अक्का, ह्या आपला मास्तर. माल चांगला शे." बाही त्यांनी जराशी चोळली. "थोडा ओला शे."