इनासकाकांची न दिसणारी दोरी

आमच्या होळी गावात इनासकाकांकडे गेलात आणि समोर पाण्याचा ग्लास आला, तर तो लगेच तोंडाला लावू नका. आत दोरी असते. काका ग्लास उजेडात धरून विचारतात, "दिसते काय?" दिसते म्हणालात तर त्यांचा चेहरा पडतो. नाही म्हणालात तर प्यायचं पाणी मिळतं, वर दोन केळीही.

काका शाळेत हस्तकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं वाडीत रमतात, यांना गळाने पछाडलं. तेही कोळंबीचं आमिष लावून नव्हे. कोंबडीची पिसं गळाला बांधून खोटी माशी करायची, ती मासेमारीच्या छडीने लांब फेकायची आणि खाडीतल्या जिताड्याला फसवायचं! हे वेड त्यांच्या मुलाने, रॉयसनने लावलं. तो कॅनडात असतो. मागच्या नाताळला आला तेव्हा छडी देऊन गेला, आणि माशीला बांधायच्या बारीक दोरीची रिळं.

मी एकदा त्या दोरीला साधा नायलॉनचा तंगूस म्हणालो. "तंगूस नाय! फ्लोरोकार्बन!" काका असे ओरडले की मांजर पळालं. मग तासभर व्याख्यान. जाड दोरी माशाला दिसते, बारीक दिसत नाही पण तुटते. मग घ्यायची कुठली? दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की फोनवर मुलाशी याचाच काथ्याकूट. पाचूबंदरचे कोळी हसायचे, "मास्तर, जालं टाका नि मोकले व्हा!"

जिताडा काही घरी येत नव्हता. "तुटली" हे ठरलेलं उत्तर. मला त्यांची कीव यायची.

गेल्या शनिवारी मी त्यांच्यासोबत खाडीवर गेलो. तिसऱ्याच फेकीला छडी वाकली. काकांनी कधी ढील देत, कधी ओढत, चांगला चार किलोंचा जिताडा काठाला आणला. दोरी शाबूत! मी मनातल्या मनात कालवणाचं वाटणसुद्धा वाटलं. काकांनी गळ अलगद सोडवला आणि मासा परत पाण्यात सोडून दिला.

"अहो काका!"

"हा तिसरा. कोणाला बोलू नको." त्यांनी हात धुतले. "लागला म्हणून सांगितलं की विषय संपला. आधी फोनवर काय बोलायचा रॉयसन? पप्पा, गोळी घेतली? बरं, ठेवतो."

मी रीळ गुंडाळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर असताना फोन आला. काकांनी तो स्पीकरवर ठेवला. "परत तुटली रे. हा पण होता काल सोबत," काकांनी माझ्याकडे बोट दाखवत सांगितलं. रॉयसनला खरं वाटेना. त्याने मलाच विचारलं, "तू होतास ना तिथे?"

काका माझ्याकडे बघत राहिले.

"माझ्या डोळ्यांदेखत तुटली," मी म्हणालो.

"मग पप्पा, आता नीट ऐका," रॉयसन म्हणाला. काकांनी खुर्ची फोनजवळ ओढली. त्या दिवशी बापलेक पाऊण तास बोलले.