स्टाउटची गोडी उतरेना

"बुडबुडे बंद झालेत!" सलिल बाथरूममधून ओरडला.

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत त्या वर्षी निम्मं पुणं शिकायला उतरलं होतं. त्यातला सलिल तर मायक्रोबायॉलॉजीचं मास्टर्स करत होता. त्यामुळे घरमालकीण मार्जने, "माझ्या सत्तरीला फ्रँकसारखी गोड स्टाउट, ती काळी बिअर, कुणी करेल का रे?" असं विचारताच त्याने छातीठोकपणे हो म्हटलं. फ्रँक म्हणजे मार्जचा दिवंगत नवरा. बिअरचा ड्रम त्याचा, कृतीही त्याचीच. आता सत्तरी तोंडावर आली होती आणि बिअर आंबता आंबता मध्येच रुसून बसली होती.

रूममेट श्रीनाथने पेला भरून चव घेतली. "गोडच आहे रे. यीस्टने साखर खाल्लीच नाहीये. थंडीने गारठलं असेल बिचारं."

सलिलने आपली रजई ड्रमला गुंडाळली आणि स्वतः दोन जॅकेटं चढवून कुडकुडत झोपला. सकाळी श्रीनाथने पुन्हा पेला भरला. "गोडच." मग नवं यीस्ट घातलं. पुन्हा पेला. "अजून गोडच."

"दर वेळी पेलाभर कशाला लागतो तुला?"

"अ‍ॅक्युरसी, मेट!"

दुपारी सलिल लेक्चरहून आला तेव्हा श्रीनाथ सोफ्यावर पोट धरून बसला होता. ड्रममध्ये सामसूम होती, पण श्रीनाथच्या पोटात जोरदार गुडगुड चालली होती.

"काय खाल्लंस?"

"काहीच नाही रे! दूध प्यालं की होतं ना, तस्सं होतंय. दुधाला तर मी हातही लावत नाही."

सलिल जागीच थबकला. फ्रँकच्या कृतीप्रमाणे त्यानेच ड्रममध्ये दुधाची साखर ओतली होती.

"लॅक्टोज! अरे, स्टाउट गोड राहावी म्हणूनच घालतात ते. यीस्टला ते पचतच नाही. तुझ्यासारखंच!"

"म्हणजे?"

"म्हणजे काही बिघडलेलंच नाही! बिअर कधीच झालीये."

श्रीनाथचा चेहरा उतरला. "मग मघाशी मी यीस्टला भूक लागावी म्हणून किलोभर साखर घातली, ती?"

"कुठली साखर?"

"चहाची."

"ती पचते!"

बाथरूममध्ये धाडकन आवाज झाला. दोघं धावले. झाकण सिंकमध्ये पडलं होतं, छतावरून काळा फेस ठिबकत होता आणि रजईचा पार चिखल झाला होता. यीस्टला चांगलीच भूक लागली होती.

छत घासता घासता दोघांचे हात भरून आले. उरलेली स्टाउट शांत झाल्यावर त्यांनी ती बाटल्यांत भरली आणि पार्टीच्या दिवशी मार्जपुढे ग्लास धरला.

मार्जने घोट घेतला. डोळे मिटले.

"फ्रँकसारखी नाही झाली," ती म्हणाली.

सलिलने मान खाली घातली. "सॉरी, मार्ज."

"सॉरी कसलं? त्याची आठवण म्हणून मागितली खरी, पण चाळीस वर्षं त्याची नजर चुकवून मी त्याची ती गोड स्टाउट गुलाबांना घालत होते." मार्जने ग्लास एका दमात रिकामा करून पुढे केला. "भर!"