चार्जरवरची चादर

संध्याकाळी तंबूबाहेर स्पीकर वाजला नाही, तर सासरेबुवा गाणार हे ठरलेलंच होतं. गेल्या सहलीत त्यांनी सलग तीन तास गाऊन शेजारचे दोन तंबू उठवले होते. म्हणून यंदा जावयाने महिनाभर खपून सौर चार्जर बनवला होता: पाटीएवढी दोन सौर पॅनेलं, जुन्या सुटकेसचं झाकण आणि हातभर वायर. स्पीकर त्याने घरून रिकामाच आणला. घरच्या विजेवर भरणं म्हणजे आपल्याच कलेचा अपमान! तळ्याकाठी पोचताच त्याने सगळं उन्हात मांडलं आणि स्पीकरवर लाल दिवा लागला.

"लागला बाई एकदाचा!" बायको हळूच म्हणाली. "आता डोळ्यांत तेल घालून जपा. सगळी भिस्त तुमच्यावर आहे."

जपणार कसा? सासऱ्यांनी त्याला आधी पाणी आणायला पिटाळलं, मग लाकडं आणायला, मग ती लाकडं ओली निघाली म्हणून पुन्हा लाकडं आणायला.

"तुम्ही निर्धास्त जा," ते म्हणाले. "यंत्राकडे मी बघतो. बत्तीस वर्षं गोदाम सांभाळलंय, एका खोक्याला ओरखडा नाही."

पाच वाजता जावई घामाघूम होऊन परतला, तर चार्जर गायब! त्याच्या जागी जाड चादर आणि चार कोपऱ्यांवर चार दगड.

"हे कुणी झाकलं?"

"मी!" सासरे ऐटीत म्हणाले. "एवढं कडक ऊन आणि नवा माल उघड्यावर? तुमची पाठ वळली तसा झाकला. रंग उडाला असता ना!"

"अहो बाबा, ते उन्हावरच चालतं!"

जावयाने चादर ओढून बटण दाबलं. स्पीकर एकदा कण्हला आणि त्या रात्रीपुरता गप्प झाला. बायकोने कपाळाला हात लावला. मेहुणा कानात घालायला कापूस शोधत तंबूत शिरला.

सासऱ्यांचा चेहरा मात्र पार उतरला होता. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून माल वाया गेला," ते म्हणाले. "आता कोणत्या तोंडाने गाऊ? आज मी गाणार नाही. कुणी आग्रह करू नका."

कुणीही केला नाही.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तळ्याकाठी इतकी छान शांतता पसरली की बेडूकसुद्धा गोड वाटू लागले. मेहुण्याने जावयाला न मागता दुसऱ्यांदा चहा दिला. जावई खाली मान घालून वायर गुंडाळत होता, तेवढ्यात सासूबाई जवळ येऊन बसल्या.

"पुढच्या वर्षीही यंत्र नक्की आणा हं, जावईबापू," त्या कुजबुजल्या. "चादर मी आणते."